हंसाकाकीच्या वलांडीवरचा चोर

चिंचणीच्या समुद्राकडच्या आळीत हंसाकाकीला न घाबरणारा एकच जीव होता, आणि तो कोंबडा होता. बाकी झाडून सगळे तिला वचकून असत. तिच्या शिव्यांना नव्हे हो! शिव्या ती सकाळच्या चहाइतक्या सहज वाटायची. "मेल्या" म्हणाली की समजायचं बाई खुशीत आहे, आणि "मुडद्या" म्हणाली की लाडात आहे. लोक घाबरायचे ते तिच्या खोड्यांना.

एकदा बोईसरच्या बाजारात एका गिऱ्हाइकाने तिची पापलेटं बोटाने दाबदाबून पाहिली, नाक मुरडलं आणि न घेताच निघाला. हिने मागून त्याच्या भाजीच्या पिशवीत नांग्या चालवणारी एक जिवंत चिंबोरी सोडून दिली. शेजारच्या बाया म्हणाल्या, अगो, चांगली चिंबोरी फुकट घालवलीस. तर म्हणते, "जाऊं दे गो. घरी त्याची बायको नाचेल, ती काय फुकट?" आणि तिची सख्खी शेजारीण गोजराबाई! तिच्याकडे मुलगी बघायला पाहुणे यायचे, त्याच दिवशी नेमकी हंसाकाकीची सुकट वाऱ्याच्या तोंडाला वाळत पडायची. आता वारा काय तिने सोडला होता? पण गोजराबाईला ते पटायचं नाही.

तर अशी ही बाई. नवरा कधीच वारलेला, मुलगी डहाणूला सासरी, घरात एकटी. उजवा खांदा आखडलेला, त्यामुळे हात छातीच्या वर जाईना. तोंडाचं मात्र काही आखडलं नव्हतं.

समोरच्या घरात कुंदन राहायचा. भिकाबाबाचा एकुलता एक मुलगा. मच्छीमाराच्या घरात जन्माला येऊन होडीत पाय ठेवला की ओकायचा. शेवटी बापाने हात टेकले आणि पोरगा तारापूरच्या कारखान्यात मशीनवर लागला. निळा डगला, पिवळं हेल्मेट, पाळीची बस. हंसाकाकी रोज ओट्यावरून विचारायची, "काय रे मेल्या, आज बसमंदी उलटी झाली का?" तो हसायचा आणि आपल्या कोंबड्याला दाणे टाकायचा. कोंबड्याचं नाव साहेब. कारखान्यातल्या साहेबासारखाच मान ताठ करून चालायचा, म्हणून. हाच तो न घाबरणारा. हंसाकाकी दिसली की धावत येऊन तिच्या पायांवर चोच मारायचा.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्या चैत्रात, कुंदन पाळीवरून खोकत घरी आला. तो बरा झाला. भिकाबाबा झाला नाही. बापाला न्यायला गाडी आली ती गेली, आणि पुढचं सगळं कुंदनने लांब उभं राहून पाहिलं. खांदा देता आला नाही, आळीतलं कुणी दारात येऊ शकलं नाही. बायको दिशा लेकीला घेऊन वाणगावला माहेरी गेलेली, तिथे तिचा बाप अंथरुणाला खिळलेला, म्हणून तीही अडकली. कारखान्याने सांगितलं, तूर्त येऊ नका. कुंदनने दार लावून घेतलं. हंसाकाकी भाताचं ताट पायरीवर ठेवायची आणि ताट तसंच परत न्यायची. साहेबाला मात्र रोज दाणे पडत होते, एवढं ती बघून होती.

मग एका दुपारी तो साहेबाला काखेत मारून आला. हंसाकाकी ओट्यावर जवळा निवडत बसली होती.

"काकी, ह्याला तू ठेव."

"मी? हा मेला माझे पाय फोडतो आनि मी त्याला दाणे घालू? रस्सा करीन त्याचा."

"कर," कुंदन म्हणाला. हसून म्हणाला.

हंसाकाकीचे हात जवळ्यातच थांबले. ह्याच साहेबाला गोजराबाईने एकदा झाडू फेकून मारला, तर कुंदनने तिच्याशी वर्षभर अबोला धरला होता. आणि आता म्हणतो, कर रस्सा? सकाळी तिची उसनी नेलेली शिडीही परत आणून दिली होती, मागितली नसताना.

तिला जानू आठवला. तिचा धाकटा भाऊ. पुष्कळ वर्षांपूर्वी असाच एका दुपारी हसत आला, आपला लाडका रेडिओ तिच्या हातात ठेवला आणि गेला. ही वेडी आळीभर रेडिओ मिरवत फिरली. रेडिओ वाजत असतानाच कुणीतरी सांगत आलं की जानूने जीव दिला. तेव्हापासून कुणी जिवापाड जपलेली वस्तू अशी हसत हातात दिली की ती आधी त्या माणसाचा चेहरा बघते.

आता दुसरी कुणी असती तर गोल गोल बोलली असती. हंसाकाकीला गोल बोलता येत नाही. तिने मासळीचा भाव विचारावा तसं सरळ विचारलं, "कुंदन, जीव द्यायचं मनात हाय तुझ्या?"

 साहेब काखेतून सुटायला धडपडत होता, त्याचंही कुंदनला भान नव्हतं. म्हणाला, "बाबाला मी मारला काकी. घरात ते मीच घेऊन आलो."

तिने असं बोलू नये म्हणून सांगितलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही, की पोरीकडे बघ म्हणाली नाही. त्याला ओट्यावर बसवला आणि गप्प बसली. हंसाकाकी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला पुरतं बोलू देत होती, आणि ऊन उतरेपर्यंत तो बोलत होता. शेवटी तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "राग आला तर येऊं दे. मी हे पोटात ठेवनार नाय. तेजलला सांगनार."

तेजल ही आळीची आशा सेविका. गळ्यात पिशवी, त्यात ताप बघायचं यंत्र आणि बोटाला लावायचा चिमटा, तोंडावर दोन-दोन मास्क. तिने पालघरच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टर कुंदनशी निवांत बोलले, गोळ्या सुरू केल्या, दर आठवड्याला फोन करीन म्हणाले आणि केलाही. दिशा सकाळ-संध्याकाळ फोनवर येऊ लागली. आणि जाताना तेजलने हंसाकाकीला बाजूला घेतलं. "काकी, त्याला एकट्याला सोडू नको. दिवसाचं काय तरी काम दे. तुझ्या डोळ्यांसमोर ऱ्हाऊं दे."

एकट्याला सोडू नको! चाळिशीला टेकलेला बाप्या तो, लहान पोर असतं तर पदराला बांधून फिरवलं असतं. पण हंसाकाकीकडे वलांडी होती. वलांडी म्हणजे वाळूत रोवलेले बांबू आणि त्यांना एकाखाली एक बांधलेल्या आडव्या दोऱ्या. बोंबील वाळतात ते ह्यावर. जोडीने वाळतात ते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. दुसऱ्या दिवशी हंसाकाकी त्याच्या दारात जाऊन कण्हत उभी राहिली.

"माझा हात वर जात नाय. वरच्या दोऱ्या तशाच पडल्यात. बोंबील कुजून गेले तर तूच खा."

तो आला. आला खरा, पण मशीनवर हजारदा एकच कळ दाबणारे ते हात बोंबलाच्या दातांनी पार रक्तबंबाळ... छे, एवढंही नाही, थोडे ओरखडले. काकीने हळद लावली आणि खदखदून हसली. "आरं मे..." म्हणता म्हणता तिने जीभ चावली. "आरं राजा, हळू." राजा! साहेबसुद्धा दाणे टिपायचा थांबला. पण त्या दिवसापासून कुंदनला तिने मेल्या म्हटलं नाही की मुडद्या म्हटलं नाही. आळीला दोन-दोन शिव्या जास्त दिल्या, त्याला एकही नाही.

काही दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी तो म्हणाला, "काकी, उद्या नाय येत. आता जमतं तुला."

तो आवाज हंसाकाकीला आवडला नाही. भांडावं, तर तो आणखी मिटेल. रडावं, तर तिला रडायची सवय नाही. तो पाठ वळवून टोपल्या रचत होता तेवढ्यात तिने दोरीवरच्या मूठभर बोंबलांवर हात मारला, पदराखाली लपवले, आणि असा काही गळा काढला की गोजराबाई खिडकीत आली.

"चोरी! माझे बोंबील गेले! तुझ्या राखनीत गेले रे! दिवसभर इथे बसून काय करत होतास?"

"मी? मी हललो पन नाय इथून!"

"मग उडाले काय ते? भिकाबाबाचा पोरगा तू, आनि तुझ्या नाकासमोरून चोर बोंबील नेतो? तुझ्या बापाच्या जाळ्यातली एक मांदेली कुनी उचलून दाखवली असती काय?"

कुंदनचे कान लाल झाले. कितीतरी दिवसांनी तो रागावला. "उद्या येतो," तो गुरगुरला. "बघतोच कोन हाय तो."

हंसाकाकी घरी गेली, दार लावलं आणि तोंडात पदर कोंबून हसली. मग थोडी रडलीही. आणि मग चोरीचे बोंबील तांदळाच्या डब्यात लपवले.

तिथून पुढे सुरू झाला तो सगळा तमाशाच. रोज थोडे बोंबील जायचे, रोज कुंदन "उद्या पकडतो" म्हणायचा. उद्या म्हणायचा, हे महत्त्वाचं. त्याने आधी कावळ्यांवर संशय घेतला, मग मांजरांवर. मग कारखान्याचा निळा डगला बांबूला चढवून, वर पिवळं हेल्मेट ठेवून असं झकास बुजगावणं केलं की गोजराबाई अंधूक उजेडात त्याला बघून मास्क लावायची. हंसाकाकीची मात्र पंचाईत! साठीची बाई, आखडलेला खांदा, आणि स्वतःच्याच मालावर डल्ला मारायला बुजगावण्याच्या आडून सरपटत जायचं. एकदा साहेबाने तिला तशा अवस्थेत गाठलं आणि पोटरीवर चोच मारली. ओरडायची सोय नव्हती. तिने मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

आणि घर! तांदळाचा डबा भरला, मग ट्रंक भरली, मग नवऱ्याच्या जुन्या गमबुटांत बोंबील गेले. आळीतली सगळी मांजरं तिच्या उंबऱ्यावर येऊन ठाण मांडून बसली. तेजल तपासणीला आली तेव्हा दारातच थबकली.

"काकी, खोकला? ताप?"

"नाय."

"वास येतो का?"

"कसला वास?" हंसाकाकी दचकली.

"करोनाचा प्रश्न हाय तो. सगळ्यांनाच विचारते," तेजल म्हणाली, आणि दोन मास्कांच्या आत तिचे गाल हलल्यासारखे वाटले. "मला तर दोन मास्कांतूनबी येतोय."

हंसाकाकीने तिला हाताला धरून आत ओढलं आणि सगळं ओकून टाकलं. तेजल ट्रंकेवर बसून हसली, मग गंभीर झाली. "चालू ठेव काकी. त्याच्या गोळ्या नीट चालल्यात, डॉक्टरपन बोलले, सुधारतोय. पन एकटा सोडू नको."

मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते वादळाची सूचना आली. होड्या वर ओढा, किनारा मोकळा करा. वलांडी उतरवायची!  वलांडी नाही तर बोंबील नाहीत, बोंबील नाहीत तर चोर नाही, आणि चोर नाही तर उद्या कुंदनने उठायचं कशासाठी? वादळ चार लाटा आपटून निघून जाईल. मग पुढे सबंध पावसाळा, बंद घर आणि तो. तिने आभाळाकडे बघून वादळाला मनसोक्त शिव्या घातल्या.

वारा सुटला होता. कुंदन वरच्या दोऱ्या भराभर रिकाम्या करत होता. हंसाकाकीने ठरवलं, शेवटची चोरी मोठी करायची. एवढी मोठी की चोर पकडायला माणूस पावसाळाभर आळीत फिरला पाहिजे. ती बुजगावण्यामागे वाकली आणि दोन्ही हातांनी खालच्या दोरीवरून ओरबाडू लागली. तेवढ्यात वाऱ्याने बुजगावणंच उडालं. पिवळं हेल्मेट गडगडत गेलं, आणि हंसाकाकी उभ्या किनाऱ्यासमोर, पदर भरून बोंबील घेऊन, ओणवी.

कुंदन तिच्याकडे बघत होता. शांतपणे म्हणाला, "काकी, एकदा तरी वरच्या दोरीला हात घालायचास."

"आं?"

"कावळा एकच बोंबील नेतो. जोडीतला दुसरा वाळूत पडतो. मांजराचंपन तेच. इथे जोडीच्या जोडी गायब, वाळूत एकपन नाय. म्हंजे मानूस. आनि रोज खालच्याच दोरीचे. वर हात न पोचनारा मानूस आळीत एकच हाय."

 हंसाकाकीला उत्तर सुचलं नाही, असं गोजराबाईने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि ती अजून सांगते.

"कवा कळलं तुला?"

"दुसऱ्याच दिवशी. नंतर तर मीच चांगले मोठे मोठे बघून खालच्या दोरीला घालत होतो. बुजगावणंपन तुला आडोसा म्हनूनच केलं. दुपारचा डोळे मिटून पडायचो, तुला नीट चोरता यावं म्हनून. तुझा खांदा दुखायचा ना सरपटताना."

"मग येत का होतास रोज?" ती ओरडली. वाऱ्यामुळे ओरडावंच लागत होतं.

कुंदनने बोंबलाची टोपली खाली ठेवली. "मला वाटलं, तुझं डोकं फिरलं. आपलेच बोंबील आपन चोरते, घरात कोंबते, मांजरं जमवते. शिव्या द्यायची ती मला राजा बोलते. मी घाबरलो काकी. तेजलला जाऊन सांगितलं, हंसाकाकीला काय तरी झालंय. ती बोलली, तू तिला एकटी सोडू नको. डोळ्यांसमोर ठेव."

"तेजल बोलली?"

"हां."

हंसाकाकीला तेजलचे ते मास्कातले गाल आठवले. वरून म्हणे, चालू ठेव काकी! स्वतःला खोडकर समजणाऱ्या बाईला कालच्या पोरीने दोन्हीकडून शेंडी लावली होती.

"ज्या संध्याकाळी तू पयला गळा काढलास," कुंदन म्हणाला, आणि आता तो समुद्राकडे बघत होता, "त्या दिवसानंतर मी ऱ्हानार नव्हतो. सगळं ठरलं होतं. मग वाटलं, चोर पकडून जाऊ. दुसऱ्या दिवशी चोर कळला. मग वाटलं, आता हिला कशी सोडू? हिला कोन हाय?"

हंसाकाकीच्या पदराची टोकं हातातून सुटली. सगळे बोंबील वाळूत सांडले. ती त्याच्या अंगावर धावून गेली, चांगल्या डाव्या हाताने त्याच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले, आणि इतके दिवस दातांमागे कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. "मेल्या! मुडद्या! मला वेडी समजलास! माझी राखन करत होतास काय रे मेल्या!" ती रडत होती आणि मारत होती, आणि कुंदन गुद्दे खात हसत होता, आणि मधेच तोही रडायला लागला. साहेब वाळूत सांडलेले बोंबील टिपत फिरत होता. त्याला कुणी हाकललं नाही.

वादळ आलं, आळीची थोडी कौलं घेऊन गेलं. दिशा लेकीला घेऊन परत आली. कुंदनच्या गोळ्या पुढेही बरेच महिने चालल्या. वाईट दिवस यायचेच, पण तसा दिवस आला की तो स्वतःहून ओट्यावर येऊन बसायचा आणि सांगायचा, काकी, आज बरं नाय. कारखान्यात परत लागला. दर हंगामात सुट्टीच्या दिवशी वरच्या दोऱ्या त्याच्याच.

गेल्या हिवाळ्यात हंसाकाकी न्हाणीत पाय घसरून पडली. हाड जुळलं, पण बाई जुळेना. बोईसरचा बाजार सुटला. ओट्यावर नुसती बसायची, शिव्या देईना. गोजराबाईला आळी सुनी सुनी वाटायला लागली आणि तिने चक्क चौकशीला पेज पाठवली. एका सकाळी हंसाकाकीने पेटीतला जुना रेडिओ काढून पुसला. जानू गेल्यापासून तो तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. तो कुंदनपुढे धरून म्हणाली, "तुझ्या पोरीला दे. मला काय करायचाय आता?"

कुंदनने रेडिओ घेतला नाही. तिच्या शेजारी बसला. "काकी, तू विचारलं होतंस तसंच विचारतो. जीव द्यायचं मनात हाय?"

"गप रे," ती म्हणाली. मग रेडिओ पदरात घेत म्हणाली, "जीव नाय द्यायचा. पन उठायला कारन नाय सापडत."

तो पुष्कळ वेळ बसला तिच्याजवळ. दिशाला हाक मारली, तेजलला फोन केला. तेजल दुपारी येऊन गेली, डॉक्टरांची वेळ ठरवून गेली. तिन्हीसांजेला हंसाकाकी काठी टेकत, सवयीने, कुंदनने भरलेल्या वलांडीवरून नजर फिरवायला गेली.

सगळ्यात वरच्या दोरीवर मधोमध जागा रिकामी होती. जोड्यांच्या जोड्या गेलेल्या. खाली वाळूत एकही पडलेला नाही.

 वरच्या दोरीला तिचा हात जन्मात पोचला नसता. तिने समोरच्या घराकडे बघितलं, तर कुंदनच्या उंबऱ्यावर दोन मांजरं येऊन बसली होती.

हंसाकाकीने काठी आपटली. "चोरी!" ती ओरडली, आणि तो जुना आवाज ऐकून गोजराबाई खिडकीत आली. "माझे बोंबील गेले! मेल्या, थांब तू! उद्या पहाटे येते इथे. उद्या बघते तुला!"